बर्फाच्या क्रशरवरच्या काकांना धक्क्यावरून आभार

काका, सप्रेम नमस्कार.

लिलावात चांगला भाव लागला की तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याची, पाठ थोपटतात, जाळ्याची वाहवा होते, कधीकधी इंजिनाचंही कौतुक होतं. तुमच्या क्रशरचं नाव कुणी काढत नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. जाळ्यात काय येईल हे कुणाच्याच हातात नसतं, पण आलेली मासळी कशी परत येईल हे निम्मं तुमच्या पन्हळीखालीच, म्हणजे चुरा बोटीत सोडणाऱ्या घसरणीखालीच, ठरतं, बोट सुटायच्या आधी.

पहिले आभार चुऱ्याचे. बर्फाची लादी भसाभस फोडून अर्ध्या विटेएवढी ढेकळं बोटीच्या खणात, म्हणजे मासळी साठवायच्या कप्प्यात, लोटली तर रांग लवकर संपते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण ढेकूळ माशाला दोन-चार ठिकाणीच टेकतं, मधे हवा राहते आणि मासा आत गरमच राहतो. वर टोकदार कडा अंगात रुततात आणि तिथे पडलेला डाग लिलावात सगळ्यांत आधी दिसतो. तुमचा चुरा बोटाच्या पेराहून मोठा नसतो, माशाला चहूबाजूंनी चिकटून बसतो. आणि तो तुम्ही आधी करून ठेवत नाही. लादी अखंड असली की कमी वितळते, चुऱ्याला हवा लागते ती सगळीकडून. त्यामुळे डिझेल, पाणी, जाळी चढली, खण धुऊन निथळला, की मगच तुमची मोटर सुरू होते. घाईतल्या बोटीला हा उशीर वाटतो, पण त्यातच बर्फ वाचतो.

दुसरे आभार हिशेबाचे. "थोडा कमीच भरा, वजन होतं," असं म्हणणाऱ्याला तुम्ही जो हिशेब ऐकवता, तो इथे लिहून ठेवतो. 30 अंशांवर असलेली 10 किलो मासळी शून्यावर आणायला साधारण 3.4 किलो बर्फ वितळावा लागतो. म्हणजे 500 किलोला 170 किलो. पण हा फक्त थंड करण्याचा खर्च झाला, थंड ठेवण्याचा वेगळा. खणाच्या भिंतीतून, झाकणातून, दर वेळी झाकण उघडल्यावर आणि सगळ्यांत जास्त इंजिनाच्या बाजूच्या आडभिंतीतून उष्णता येतच राहते. म्हणून गरम हवेत किलोला किलो बर्फ धरायचा. फेरी लांबली किंवा खणाचा पफ (भिंतीत उष्णता अडवायला भरलेला फोम) पाणी पिऊन बसला असेल, तर त्याहून जास्त. खणाच्या फायबरच्या अस्तराला तडा गेला की पाणी आत झिरपतं आणि भिजलेला पफ उष्णता अडवत नाही. अशा बोटीला बर्फ वाढवून देण्याआधी "तडा बुजवा" हे तुम्हीच सुनावता. वजनाचं म्हणाल तर एक घनमीटर फोडलेला बर्फ साधारण 650 ते 700 किलो भरतो. तो एका अंगाला साठला तर बोट कलते, म्हणून पन्हळ फिरवत दोन्ही बाजू सारख्या भरायच्या, हेही तुमचंच.

बर्फ वितळतोय म्हणून जीव खालीवर करणारे खलाशी काही कमी नाहीत. खरं तर वितळणारा बर्फच मासा थंड करतो, आणि त्याचं पाणी अंगावरून वाहताना रक्त, बुळबुळीतपणा आणि जंतू धुऊन नेतं. म्हणूनच खणाचं निचऱ्याचं भोक चिंधी कोंबून बंद करणं हा मूर्खपणा आहे. ते घाण पाणी तळाशी तुंबलं की खालचा थर कुजतो आणि वास वरपर्यंत चढतो.

थर लावण्याची तुमची पद्धत आता बहुतेक बोटींवर रुळली आहे. तळाला वीतभर बर्फ, आडभिंतीला त्याहून जाड, मग मासळीचा पातळ थर, वर बर्फ, पुन्हा मासळी, शेवटी जाड बर्फाचं पांघरूण. थराची जाडी दुप्पट केली की मधला मासा थंड व्हायला जवळपास चौपट वेळ लागतो. म्हणूनच गिऱ्हाईक क्रेटच्या मधोमध हात खुपसून मासा काढतो आणि कल्ला उघडून बघतो. खण खोल असेल तर मधे फळ्या टाकायच्या, नाहीतर खालची मासळी वरच्या भाराने चिरडते. मोठा मासा आतडी काढून ठेवला तर पोट खाली करायचं, म्हणजे पोटात पाणी साचत नाही. अंग ताठरलेलं असताना तो वाकवून कोंबायचा नाही, मांस आतून फाटतं.

बांगडा, तारली आणि कुपा (ट्यूना) यांच्याबद्दल तुम्ही जितके कडक आहात तितकं कुणीच नसावं. हे मासे उन्हात डेकवर पडले की जंतू त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार करतात. एकदा तयार झालं की ते ना शिजवून जातं ना गोठवून. पुढे कितीही बर्फ ओता, उपयोग नाही. शिवाय पोटभर खाल्लेली तारली गरम राहिली की तिचं पोटच फुटतं. म्हणून जाळं रिकामं झालं की आधी हे मासे बर्फात, बाकीची निवड नंतर. कोळंबीची डोकी काळी पडतात ती हवा आणि उष्णतेमुळे. तिलाही ढिगात थांबवायचं नाही. निवड संपेपर्यंत डेकवर ओली ताडपत्री घातली, तरी बराच फरक पडतो.

परतल्यावरची तुमची खूण साधी आहे: क्रेट काढताना माशाभोवती बर्फ शिल्लक दिसला पाहिजे. नुसतं पाणी दिसलं तर मासा कधीतरी गरम झालाय, कधी ते सांगता येत नाही. शून्याऐवजी 10 अंशांवर राहिलेला मासा साधारण चौपट वेगाने खराब होतो, म्हणजे 10 अंशांवरचा एक दिवस शून्यावरच्या चार दिवसांइतका. आणि उरलेला बर्फ पुढच्या फेरीला ठेवू न देण्याचा तुमचा हट्ट योग्यच आहे. पांढरा दिसला तरी त्यात मागच्या मासळीचं रक्त मुरलेलं असतं. धक्क्याजवळचं पाणी उपसून मासळी धुणाऱ्यांनाही तुम्ही असंच हटकता. त्या पाण्यात सगळ्या बोटींचं डिझेल आणि बिल्जचं (बोटीच्या तळाशी साचलेलं घाण) पाणी उतरलेलं असतं.

शेवटचे आभार तुमच्या बटणाचे. लादी तोंडाशी अडकली की तुम्ही आधी मोटर बंद करता, दाते पूर्ण थांबेपर्यंत उभे राहता आणि मग लाकडी दांड्याने लादी सरकवता. मागे सहा बोटी हॉर्न वाजवत असल्या तरी यात बदल होत नाही. तुमच्या हाताखालची पोरंही आता तसंच करतात. हॉर्न वाजू द्या, काका. पुढच्या वेळी बर्फ भरायला येताना खण धुऊन, भोक मोकळं करून, फळ्या काढून तयार ठेवतो.

आपले,
धक्क्यावरचे तांडेल आणि खलाशी