निम्मी गोळी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा उजवीकडची खालची दाढ काढून आलो. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी गोड फार खाल्लंय का?" तोंडात कापसाचा बोळा, बोलणार काय? आता उत्तर तूच दे. त्या पापातला निम्मा वाटा तुझा आहे.

तेव्हापासून डोक्यात लिमलेटची गोळी घोळतेय. खिशात दोन तास राहिली की ओल धरायची, अस्तराला चिकटायची आणि ओढून काढली की कापडाची लव घेऊनच यायची. आपण लवेसकट खाल्ली. गोळी एक, खाणारे दोघं. सदऱ्याचं टोक तिच्यावर गुंडाळायचं, ह्याच दाढेखाली धरायचं आणि चिमणीच्या दाताने तोडायची. कट्! सदऱ्याला ओला पिवळा डाग. तोडणारा नेहमी मी, आणि नियम तुझा: तोडेल त्याने निवडायचं नाही. तुकडे एकदाही सारखे झाले नाहीत. मोठा कुणाकडे गेला, ते सांगायला नको.

इतकी वर्षं वाटायचं, माझाच दात वाकडा. तर तसं नाही म्हणे. साखरेचा पाक साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत आटवून झटकन गार केला की साखरेला खडे धरायला सवडच मिळत नाही, तिची काच होते. आणि काच कधी आखल्या रेषेत फुटते का? म्हणजे मी निर्दोष होतो! नोंद घे.

म्हातारीचे केस तुझ्या आवडीचे. मला ती शुद्ध फसवणूक वाटायची. हातात एवढा ढीग आणि तोंडात घातला की नुसती हवा. पण गंमत ऐक. त्यांचं यंत्र १८९७ साली अमेरिकेत दोघांनी मिळून काढलं. जॉन व्हॉर्टन हा मिठाईवाला आणि विल्यम मॉरिसन चक्क दंतवैद्य! स्वतःच्या धंद्याची काय सोय केलीय बघ.

चॉकलेटचं काही लिहीत नाही. ते मिळायचंच कमी, आणि मिळालं की तू ते मुठीत धरून पळायचास. मूठ उघडेपर्यंत निम्मं बोटांवर.

काल न राहवून लिमलेटचं पाकीट आणलं. डावीकडून चघळली. पण अर्ध्यातच गोडाने तोंड मिटलं, थुंकून टाकली. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं म्हणतात. तेव्हा गोळी तीच असेल, जीभ म्हातारी झाली. वास मात्र जसाच्या तसा. पाकीट फाडलं, लिंबाचा तो खोटा वास आला आणि समोर तू उभा! हनुवटीवर पिवळा ओघळ, मूठ मागे लपवलेली.

उरलेलं पाकीट डब्यात ठेवलंय. ओल धरायच्या आत ये. माझी दाढ गेली, तेव्हा तोडायचं काम आता तुझं. निवडणार मी.

तुझाच,
छोट्या तुकड्याचा धनी