अण्णांची गोळी

औसा, येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) आदल्या आठवड्यात

बाळू,

दोन वर्षांत पत्र नाही, फोन नाही. आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच.

परवा आशाताई फॉर्म घेऊन दारात. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची नोंद करायची म्हणे. तंबाखू? मी म्हणलं, सोडली. तेवढ्यात बायकोनं खुंटीवरच्या सदऱ्यातून चुन्याची डबी काढून ताईंच्या फॉर्मवर ठेवली! मग कमरेला टेप. ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे, भरली १०३. उपकेंद्रात बीपी १६८/१०४. दोन दिवसांनी परत मोजला, तेवढाच. गोळी चालू.

फॉर्मवर शेवटी होतं, आईवडिलांना बीपी, साखर, हार्टचं काही? मी नाही म्हणलं, आणि डोळ्यापुढं अण्णा आले. तुझे.

ओट्यावर बसून विचारत होते, "काही दुखत नाही, चक्कर नाही, मग गोळी कशाला?" आणि मी दीडशहाणा म्हणलो, "सोडा अण्णा, सवय लागते." सोयाबीनच्या राशीत लकवा मारला. तेराव्याला तू सगळ्यांदेखत बोललास, मी उलट म्हणलो, वय झालं होतं. अठ्ठावन्न हे काय वय आहे रे?

आता रोज सकाळी गोळी हातावर घेतो अन् अण्णांचाच प्रश्न पडतो. खरंच काही दुखत नाही गड्या. पोरगी नर्सिंगला आहे, तिच्या पुस्तकात अमेरिकेतलं फ्रॅमिंगहॅम म्हणून गाव आहे. १९४८ पासून तिथं धडधाकट माणसं तपासत आलेत. वयानं बीपी वाढतो ते चालायचंच, हा समज त्यांनी कधीच खोडून काढला. म्हणजे मी तेराव्याला बोललो ते तेव्हाच शिळं होतं. हे तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून पत्र.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, चहाचा सपाट चमचाभर. त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं. येळवशीला भज्जी अळणी केली तर शेतातल्या कोपीत पुजलेले पांडव उठून जातील.

आई बरी आहे, गुडघे तेवढे. तुझी बदली झाली का? धाकटीचं जमलं असं ऐकलं. वहिनींना नमस्कार.

आणि फॉर्मवरच्या त्या शेवटच्या प्रश्नाला तुझं उत्तर 'हो' आहे, बाळ्या. तू कधी मोजलास? माझा आकडा वर लिहिलाय. तुझा कळव.

तुझा,
सुध्या