रापलेली कातडी म्हणजे सनस्क्रीन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हात न बसता कातडी रापवणाऱ्या औषधांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेख रंजक आहे, पण त्यात दोन औषधे एकाच दावणीला बांधली आहेत आणि वर ‘सनस्क्रीनला पर्याय’ असे म्हटले आहे. त्वचारोगांची डॉक्टर म्हणून हे वाचून गप्प बसवले नाही.

ऊन लागले की शरीरातले अल्फा-एमएसएच हे संप्रेरक रंगपेशींना मेलॅनिन बनवायला लावते. ते रक्तात काही मिनिटेच टिकते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी 1980च्या दशकात त्याच्या जास्त टिकणाऱ्या, जास्त जोरकस नकला तयार करून पाहिल्या. त्यातली एक अफामेलॅनोटाइड, दुसरी मेलॅनोटॅन-2.

अफामेलॅनोटाइडला युरोपात 2014च्या अखेरीस आणि अमेरिकेत 2019 मध्ये मंजुरी मिळाली, ती हौसेसाठी नव्हे तर एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया या दुर्मीळ आजारासाठी. या रुग्णांच्या रक्तात प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशाने चेतणारे द्रव्य साठते आणि प्रकाश पडला की कातडीची आतून आग होते. मूल रडत हात गार पाण्यात बुडवून बसते. वरून बघावे तर कित्येकदा ना पुरळ, ना फोड, त्यामुळे घरच्यांनाही ते नाटक वाटते. त्रास दृश्य प्रकाशाचा, म्हणून अतिनील किरणे अडवणारे नेहमीचे सनस्क्रीन इथे फारसे कामी येत नाही आणि खिडकीच्या काचेआडही सुटका नसते. अशा प्रौढ रुग्णाच्या कमरेच्या हाडाच्या वर, कातडीखाली, 16 मिलिग्रॅम औषधाची पावणेदोन सेंटिमीटरची विरघळणारी कांडी डॉक्टर बसवतात, दोन-दोन महिन्यांनी. तरीही उन्हापासून जपायचेच असते आणि वर्षातून दोनदा सर्वांगाची तपासणी करून घ्यायची असते. ‘पर्याय’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी वाचायला हवे होते.

मेलॅनोटॅन-2ला रंग आणण्यासाठी कुठेच मंजुरी नाही. ते ‘फक्त संशोधनासाठी’ अशा चिठ्ठीखाली कुपीतली पूड किंवा नाकात मारायचा स्प्रे म्हणून ऑनलाइन विकले जाते. पूड पाण्यात कालवून लोक स्वतःच सुई टोचून घेतात. आत नेमके काय आणि किती, हे विकणाराही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मळमळ होते, चेहरा लालबुंद होतो; पुरुषांना तासन्‌तास न उतरणारी, वेदना देणारी ताठरता आल्याच्या नोंदी आहेत. हे रसायन मेंदूतल्या इतर रिसेप्टरांनाही (पेशींवरच्या, संप्रेरक चिकटण्याच्या जागांनाही) जाऊन चिकटते, त्याचा हा परिणाम. (त्याच्याच भाऊबंदांपैकी ब्रेमेलॅनोटाइड पुढे स्त्रियांच्या कामेच्छेच्या तक्रारीवर मंजूर झाले. शोधायला गेले रंग, हाती लागले भलतेच.)

आम्हा डॉक्टरांची खरी झोप उडते ती तिळांमुळे. अंगावरचे तीळ तपासताना आम्ही इतरांपेक्षा वेगळा दिसणारा तीळ शोधत असतो. मेलॅनोटॅन घेतलेल्याच्या पाठीवर जुने तीळ एकदमच गडद होतात, काहींना नवेही येतात. मग बदललेला म्हणून संशय घ्यायचा कोणावर? वापरणाऱ्यांमध्ये मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, आढळल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत, पण तो औषधानेच झाला असे छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, कारण यातले बरेच जण कातडी रापवणाऱ्या अतिनील दिव्यांखालीही झोपतात. त्या दिव्यांना मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2009 मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

आणि एवढा खटाटोप करून मिळते काय? गोऱ्या कातडीवर चढलेला रापलेला रंग साधारण एसपीएफ 3 ते 4 इतकेच रक्षण देतो. रंगाच्या गोळ्यांचेही तेच. त्यातल्या कॅन्थाझॅन्थिन या रंगद्रव्याने कातडी नारिंगी झाली, रक्षण शून्य, वर डोळ्यांच्या पडद्यात त्याचे स्फटिक साठले.

लेखासोबतच्या चौकटीत ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणून अफामेलॅनोटाइडचे नाव आहे आणि शेजारी छायाचित्र नाकातल्या स्प्रेचे. ती कांडी स्प्रेतून येत नाही. पुढच्या पुरवणीत ही दुरुस्ती तितक्याच ठळकपणे छापावी. शिवाय ज्यांनी असले इंजेक्शन किंवा स्प्रे घेतला आहे, त्यांनी तीळ दाखवताना ते लाजेखातर लपवू नये, ही ओळही त्यात घालावी.

कळावे,
आपली,
एक वाचक