खोडदच्या डिश आणि नवे कण

संपादक साहेब,

नवा कण म्हटलं की आपल्या पेपरात युरोपातल्या सर्न या कण-प्रयोगशाळेचा २७ किलोमीटरचा बोगदाच येतो, पण आकाशातल्या फुकटच्या प्रयोगशाळेबद्दल एक ओळ नाही. न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठा तारा मेल्यावर उरलेला घट्ट गोळा, जेमतेम २० किलोमीटरचा, साधारण स्वारगेट ते हिंजवडी, वजन मात्र सूर्यापेक्षा जास्त, आणि अ‍ॅक्झिऑन नावाचे कण खरंच असले तर त्याच्या भयंकर चुंबकीय क्षेत्रात त्यांच्या रेडिओ लहरी होऊ शकतात. कृष्णविवराचं वेगळंच, काही हलके कण त्याची गिरकीच चोरतात म्हणे, त्यामुळे गरागरा फिरणारं जुनं विवर सापडलं की त्याची गिरकी चोरू शकतील अशा वजनाचे कण नाहीतच, म्हणजे बाद! आणि आपल्या नारायणगावजवळ खोडदला आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, पोरगा मान वर करून बघतच राहिला होता. छापा की यावर काहीतरी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे