काउन्सेलर ताईंना, जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या चहाला साहेबांचीच भाषणं लांबली आणि माझं बोलायचं राहून गेलं. म्हणून इथे लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, रागवाल. आपल्या सांगलीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

तुम्ही एचआयव्हीच्या काउन्सेलर, मी क्षयरोग (टीबी) विभागातला एसटीएस, म्हणजे उपचारांवर देखरेख ठेवणारा सीनियर ट्रीटमेंट सुपरवायझर. टीबीच्या प्रत्येक पेशंटची एचआयव्ही तपासणी करायची आणि एचआयव्हीच्या पेशंटला दर भेटीत खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन विचारायचं, हा नियम दोन्हीकडे भिंतीवर लावलाय. पण एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाताना मधे जिना असतो, केसपेपरची रांग असते आणि गावचं कुणी भेटेल ही धास्ती असते. तिथूनच माणसं घरी परततात. तुम्ही नुसती चिठ्ठी देऊन कधी मोकळ्या झाला नाहीत. उठून एआरटी सेंटरपर्यंत, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथपर्यंत, सोबत जायचात. पेशंटला विचारून त्याची हकीकत तिथे आधीच सांगून ठेवायचात, म्हणजे त्याला परत पहिल्यापासून सगळं उगाळायला नको. मानधनावरच्या नोकरीत हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

खानापूर तालुक्यातला तो गलाईवाला आठवतो? सोनं-चांदी आटवायला परराज्यात असायचा. गावी आला आणि टीबी, एचआयव्ही दोन्ही एकदमच निघाले. आधी टीबीच्या गोळ्या, मग दोनेक आठवड्यांनी एआरटी. त्यात टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीच्या डोल्युटेग्राव्हिरचा असर कमी पडतो, म्हणून रात्रीच्या टीएलडीशिवाय (ही डोल्युटेग्राव्हिर असलेली एआरटीची एकत्रित गोळी) 12 तासांनी डोल्युटेग्राव्हिरचीच 50 मिलिग्रॅमची जादा गोळी. मी एक सांगितलं असतं आणि एआरटीवाल्यांनी दुसरं, तर बिचारा दोन्ही सोडून बसला असता. तुम्ही मला आणि फार्मासिस्टला एका टेबलाशी बसवलंत आणि सकाळच्या-रात्रीच्या गोळ्या एकाच कागदावर लिहून घेतल्यात.

त्याची खरी अडचण मात्र निराळीच होती. डबी वाजते! दुकानाच्या माळ्यावर सगळे कामगार एकत्र झोपणारे. खुळखुळ ऐकली की कसल्या गोळ्या म्हणून विचारणार. तुम्ही काही न बोलता ड्रॉवरमधला कापूस काढलात, डबीत कोंबलात, कानाशी धरून हलवून बघितलीत आणि त्याच्या हातात दिलीत. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात, ताई?

एका वॉर्डात पेशंटच्या खाटेला ‘एचआयव्ही’ अशी लाल अक्षरांची पाटी अडकवलेली होती, तेव्हाही मी सोबत होतो. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा काढून भांडता आलं असतं (मला तर भांडणच हवं होतं). तुम्ही आधी पाटी काढून पर्समध्ये टाकलीत, मग सिस्टरना बाजूला घेतलंत. त्यानंतर त्याच सिस्टर नव्या पेशंटसाठी तुम्हाला फोन करायला लागल्या.

आणि एक कळवायचं राहिलं. गलाईवाल्याचा टीबीचा कोर्स पूर्ण झाला. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या एचआयव्ही विषाणूच्या प्रमाणाचा, रिपोर्टही आलाय, ‘नॉट डिटेक्टेड’. बायकोला काही धोका नाही ना, हे त्याने मला दोनदा विचारलं. गोळ्या चुकवल्या नाहीत आणि लोड असाच राहिला तर संबंधातून लागण होत नाही, असं मी सांगितलं, पण त्याला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुमचा नंबर दिलाय. रविवारी दुपारी फोन येईल, उचला.

तुमचा,
टीबीवाला भाऊ