चांगल्या घरात वाढला म्हणून काय झालं?

प्रिय मन्या,

अर्जेंटिनात लष्कराने चोरलेली बाळं आता शोधून काढायची का, यावर परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. "पोर चांगल्या घरात वाढलं, चाळिशीला आलं, आता कशाला मढी उकरायची?" असं म्हणून तू विषय मिटवलास. मला ते काही पटेना, म्हणून हे पत्र.

अर्जेंटिनात २४ मार्च १९७६ला लष्कराने सत्ता बळकावली. विरोधक म्हणून उचललेल्यांत गरोदर बायकाही होत्या. त्यांना बाळंतपणापर्यंत तेवढं जिवंत ठेवायचे. मग आईचा काटा काढायचा. किती जणींना तर गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून पाण्यात फेकलं. बाळ मात्र खोट्या जन्मदाखल्यासकट लष्करातल्या किंवा त्यांच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी घरी. अशी सुमारे ५०० मुलं असावीत, असा त्यांच्या आज्यांच्या संघटनेचा अंदाज आहे.

लाउरा कार्लोत्तोचंच बघ. नोव्हेंबर १९७७मध्ये तिला पकडलं. जून १९७८मध्ये कैदेतच मुलगा झाला, दोन महिन्यांनी तिला गोळ्या घातल्या. प्रेत घरच्यांच्या ताब्यात दिलं, पण बाळाबद्दल चकार शब्द नाही. १९८५मध्ये कबर उघडली, तेव्हा कंबरेच्या हाडांवरून तज्ज्ञांनी सांगितलं की ही बाळंत झाली होती. तिची आई एस्तेला शाळेत मुख्याध्यापिका होती. कुठेतरी आपला नातू आहे, याचा धडधडीत पुरावा तिला लेकीच्या हाडांत मिळाला. मला तर हे वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आई-बापच नाहीत, मग रक्त जुळवायचं कुणाशी? मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी तोडगा काढला. पेशीतला एक डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे आईच्या आईचं रक्त चालतं. १९८७मध्ये कायदा करून सरकारी जनुकपेढीच उभारली. म्हाताऱ्या जातील, पण त्यांचं रक्त राहील, अशी ती सोय.

आणखी एक गंमत (गंमत कसली म्हणा!). पुढच्या सरकारांनी लष्कराचे खून-छळ माफ केले, पण बाळचोरी त्या माफीत बसत नव्हती. म्हणून तर माफी मिळालेला हुकूमशहा विदेला १९९८मध्ये पुन्हा आत गेला. २०१२मध्ये याच गुन्ह्यासाठी त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली.

एस्तेलाचा नातू २०१४मध्ये सापडला. ३६ वर्षांचा, पियानो वाजवणारा. शंका आली म्हणून स्वतःहून तपासणीला गेला होता. वाढवणाऱ्यांनी ठेवलेलं इग्नासिओ हे नाव त्याने बदललं नाही. त्याला कुणी ओरबाडून आणलं नव्हतं रे! त्याला खरं काय ते कळलं, पुढचं त्याचं त्याने ठरवलं.

काहींनी मात्र रक्त द्यायला साफ नकार दिला, तेव्हा कोर्टाने त्यांच्या घरातल्या कपड्यांवरून, ब्रशवरून डीएनए मिळवायला लावला. इथे तुझं म्हणणं मला थोडं पटतं. पण आजीने तरी किती वाट बघायची? आणि तो दाखला खोटा आहे, हा गुन्हा तर रोज चालूच आहे ना?

याचं उत्तर नीट लिहून पाठव, फोनवर तू निसटतोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक