‘कार्ड सापडत नाही’ म्हणून उपकरण भंगारात काढू नये

संपादक महोदय,

तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि लहान कारखाने यांच्या प्रयोगशाळांत मोजमापाची चांगली चालणारी उपकरणे केवळ ‘नव्या संगणकाला जोडता येत नाहीत’ या एका शेऱ्यावर निर्लेखित होताना मी अनेकदा पाहिली आहेत. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचणी आणि कॅलिब्रेशनच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मला असे सांगावेसे वाटते की, अशा बहुतेक प्रसंगी दोष उपकरणात नसतो, उपकरण संगणकाला जोडणाऱ्या नव्या कार्डातही नसतो. जुने सॉफ्टवेअर कार्डाला ज्या नावाने हाक मारते, त्या नावाचे कार्ड त्याला मिळत नाही, इतकेच घडलेले असते.

मी बोलतो आहे ते मोजमापाची उपकरणे संगणकाला जोडणाऱ्या जीपीआयबी या जोडणीविषयी. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती आपल्या उपकरणांसाठी तयार केली आणि १९७५ मध्ये तिला आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे आयईईई-४८८ हे प्रमाण मिळाले. संगणकातल्या एका कार्डावरून, संगणक धरून पंधरा उपकरणे एकाच केबलमाळेवर चालवता येतात. प्रत्येकाला ० ते ३० मधला एक पत्ता द्यायचा असतो. जोडणी जुनी असली तरी इतकी दणकट आहे की, त्या काळातले मल्टिमीटर आणि सिग्नल जनरेटर आजही बिनतक्रार काम करतात. टिकत नाहीत ते संगणक.

मागे भोसरीतील एका लहान प्रयोगशाळेत मला बोलावणे आले. तिथे ३४४०१ए हा साडेसहा अंकी मल्टिमीटर आहे, आणि त्यावरून वाचने घेऊन तक्ता छापणारा, व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम आहे. जुन्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. त्यातले कार्ड आयएसए या जुन्या पद्धतीच्या खाचेचे होते आणि तशी खाच नव्या संगणकात नाही, म्हणून यूएसबीवर चालणारा अडॅप्टर आणला गेला. विंडोजने तो लगेच ओळखला, हिरवा दिवाही लागला, पण प्रोग्राम मात्र ‘कार्ड सापडत नाही’ यापलीकडे जाईना. पुरवठादाराच्या प्रतिनिधीने मीटर, संगणक आणि सॉफ्टवेअर असे सगळेच नवे घेण्याचे दरपत्रक देऊन ठेवले होते.

विंडोजला कार्ड दिसणे आणि प्रोग्रामला कार्ड दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे समजून घ्यावे लागते. त्या काळचे बरेच प्रोग्राम विंडोजला काही विचारतच नाहीत. ते अशी कार्डे बनवणाऱ्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या पद्धतीच्या, कार्डाशी बोलण्याचे काम करणाऱ्या ‘जीपीआयबी-३२’ नावाच्या लायब्ररी फाइलकडे जातात आणि ‘जीपीआयबी०’ या नावाचा बोर्ड, म्हणजे कार्ड, मागतात. आमच्या संगणकावर आधी कोणीतरी दुसरा अडॅप्टर लावून पाहिला होता, त्याची नोंद शून्य क्रमांकावर तशीच राहिली होती आणि नवा अडॅप्टर ‘जीपीआयबी१’ झाला होता. जुनी नोंद काढून नव्याला शून्य क्रमांक दिला, तरीही काम झाले नाही, कारण अडॅप्टर नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा नव्हता, दुसऱ्या बनावटीचा होता. अशा अडॅप्टरसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘४८८ पद्धतीच्या प्रोग्रामना हे कार्ड वापरू द्यावे’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तिथे खूण केलेली नव्हती. ती केल्यावर प्रोग्रामला कार्ड दिसले, पण आता मीटर उत्तर देईना.

मीटरच बिघडला आहे असे सगळ्यांना वाटू लागले तो हाच क्षण. कारखान्यातून निघताना या मीटरचा पत्ता २२ असतो. इथे पूर्वीच्या कोणा तंत्रज्ञाने तो बदलून २१ केला होता आणि प्रोग्राममध्येही २१ च लिहून टाकला होता. जुने कार्ड स्वतःसाठी ० हा पत्ता वापरत असल्यामुळे इतकी वर्षे काही अडले नाही. ह्युलेट-पॅकार्डच्या परंपरेतली कार्डे मात्र सहसा स्वतःसाठी २१ हाच पत्ता राखतात, आणि नवा अडॅप्टर त्यांतलाच होता. एकाच घरात दोन बिऱ्हाडे झाली होती! अडॅप्टरचा पत्ता ० केला आणि मीटर बोलू लागला. अर्ध्या दिवसाच्या या कामात अडॅप्टरखेरीज एक पैसाही खर्च झाला नाही.

प्रत्येक वेळी इतके सहज निभावते असे मी म्हणणार नाही. डॉसवर चालणारे, सोळा बिटांचे जुने प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवर चालतच नाहीत; तिथे प्रोग्राम नव्याने लिहिणे हाच मार्ग उरतो. मात्र पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील, उपकरणांशी बोलणाऱ्या पायव्हिसा या मोफत साधनामुळे ते काम एखाद्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यालाही प्रकल्प म्हणून देता येण्याइतके आवाक्यात आले आहे. खरी अडचण निराळीच आहे: जुना प्रोग्राम कोणत्या क्रमाने, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या आज्ञा पाठवत होता, हे सांगणारा मूळ कोड बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसतो. तो लिहून देणारा माणूस केव्हाच निघून गेलेला असतो, आणि ड्रायव्हरची सीडी कपाटात सापडलीच तर तिच्यावर ओरखडे पडलेले असतात.

म्हणून शासनाच्या तंत्रशिक्षण विभागाला माझी विनंती आहे की, उपकरणासोबत चाचणी सॉफ्टवेअर खरेदी करताना मूळ कोड, ड्रायव्हरची प्रत आणि पत्त्यांची यादी संस्थेच्या ताब्यात देण्याची अट निविदेतच घालावी. तसेच निर्लेखनाच्या प्रस्तावात एक रकाना वाढवावा: संगणकावरून ‘तुझे नाव काय’ हा ‘*आयडीएन?’ प्रश्न पाठवल्यावर उपकरणाने उत्तर दिले का? उत्तर आले असेल, तर ‘संगणकाशी जुळत नाही’ हे कारण ग्राह्य धरू नये. उत्तर न आल्यास मात्र घाई करू नये, कारण हा प्रश्न १९८७ च्या ४८८.२ या, त्याच जोडणीच्या पुढच्या प्रमाणाने ठरवून दिलेला आहे. त्याआधीच्या अनेक उपकरणांना तो कळतच नाही, आणि त्यांना त्यांच्या पुस्तिकेत दिलेल्या आज्ञेनेच बोलते करावे लागते.

आपला,
एक निवृत्त उपकरण अभियंता,
चिंचवड, पुणे